गाडी खाली बसवण्याआधी टायरला काय हवंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: दोन मोटरची, चारही चाकांना ताकद जाणारी इलेक्ट्रिक परफॉर्मन्स सेडान, वजन १८५० किलोच्या आसपास, टायर २३५/३५ आर२० (रुंदी २३५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के, रिम २० इंची). रोजच्या वापरात आहे, अधूनमधून ट्रॅकवरही जाते. तक्रारी तीन. वळणात शिरताना नाक बाहेरच्या बाजूला सरकतं. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की ताकद कापली जाते. आणि लाटा पडलेल्या रस्त्यावर गाडी तरंगल्यासारखी वाटते. यावर तुम्ही ठरवलेलं सामान: ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, २६५ रुंदीचे टायर, मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं आवरणारा, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा), आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद आवरणारी प्रणाली) बंद. यातलं आधी काय करू आणि रेंज किती कमी होईल, असं विचारलं आहे.

मी सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचंच काम करतो, आणि अशा गाड्या आता आमच्याकडे बऱ्याच येतात. सरळच सांगतो. तुमच्या यादीतल्या टायरबद्दल माझं काही म्हणणं नाही. स्प्रिंगा मात्र पहिली आणि तिसरी तक्रार वाढवतील, आणि मागचा बार दुसरी वाढवण्याची शक्यता आहे. ट्रॅक्शन कंट्रोल तर चौथी वस्तूच नाही. टायरची पकड संपली हे तुम्हाला सांगणारा तो निरोप्या आहे.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर आणि वापरावर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. ट्रॅक गुळगुळीत आहे की खडबडीत, वर्षात दोनदा जाता की दर महिन्याला, गाडीत साधे डँपर (स्प्रिंगची उसळी शमवणारे शॉक ॲब्सॉर्बर) आहेत की इलेक्ट्रॉनिक, आणि रोजच्या वाटेवर खड्डे, गतिरोधक किती. यानुसार आकडे बदलतील. कामाचा क्रम मात्र सहसा बदलत नाही.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे या गाड्यांचा गुरुत्वमध्य मुळातच खाली असतो. तो ४६ सेंमी उंचीवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १५८ सेंमी आहे असं धरा. १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतक्या जोराच्या वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जातो? १८५० गुणिले ४६ भागिले १५८, म्हणजे जवळपास ५४० किलो. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, हे लक्षात घ्या. स्प्रिंग कडक केली म्हणून एकूण भार कमी सरकत नाही. गाडी कलते किती, आणि तो भार पुढच्या व मागच्या चाकांत कसा वाटला जातो, एवढंच स्प्रिंग आणि बार ठरवतात. आता गाडी ३५ मिमी खाली घेतली तर सरकणारा भार फार तर ४० किलोंनी घटेल. आणि हाही हिशेब उदार आहे, कारण चाकं, ब्रेक, हब काही खाली येत नाहीत. पेट्रोलच्या उंच गाडीत हीच कसरत बरंच काही देऊन जाते. तुमच्या गाडीत ते काम कारखान्यातच झालेलं आहे.

म्हणून माझ्या क्रमात पहिला टायर. तो नुसता रुंद असून भागत नाही, योग्य हवा.

त्याच १ जीच्या वळणात पुढच्या बाहेरच्या चाकावर किती भार येतो ते बघा. उभ्या गाडीत दर चाकावर सुमारे ४६० किलो. सरकलेल्या ५४० पैकी निम्मे पुढे धरले तर त्या एका चाकावर ७३० किलो झाले, आणि ब्रेक अजून पूर्ण सुटलेला नसेल तर त्याहून जास्त. तुमच्या २३५/३५ आर२० टायरचा लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो हे सांगणारा क्रमांक) बहुधा ९२ असेल, म्हणजे ६३० किलो. हा आकडा सततच्या भारासाठी असतो, क्षणभराचा जास्त भार टायर सोसतो. तरी यावरून गाडी टायरकडे किती मागते याची कल्पना येते. टायरचा एक स्वभाव आहे: भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे जड गाडीत बाहेरचं पुढचं चाक सर्वांत आधी थकतं. तुमचं नाक सरकतं ते बरंचसं इथून.

२६५ घ्यायचेच असतील तर माप जुळवून घ्या. २३५/३५ आर२० चा व्यास साधारण ६७२ मिमी. त्याच रिमवर २६५/३५ आर२० चढवला तर व्यास ६९३ होतो, तीन टक्क्यांनी मोठा. गिअरिंग लांबतं, स्पीडोमीटर चुकतो, चाक आतल्या प्लास्टिकला घासतं. त्याऐवजी १९ इंची रिमवर २६५/३५ आर१९ घेतला तर व्यास ६६८, म्हणजे फरक एक टक्क्याहून कमी, आणि एक्सएल (जास्त भार पेलणाऱ्या) प्रकारात लोड इंडेक्स ९८, म्हणजे ७५० किलो. ब्रेक कॅलिपर आत मावत असेल तर १८ इंची रिमवर २६५/४० आर१८ आणखी चांगला. व्यास ६६९, आणि साइडवॉल ८२ ऐवजी १०६ मिमी. रोजच्या रस्त्यावर ही जास्तीची २४ मिमी रबराची भिंत रिम वाचवते, आणि बारीक हिसके सस्पेन्शनपर्यंत पोचण्याआधीच गिळते. दिसायला २० इंची भारी दिसतं हे मान्य. पण ट्रॅकवर तयारीने येणारे लोक लहान रिम लावून का येतात, याचा विचार करा.

एचएल अशी खूण असलेले टायर आता मिळू लागले आहेत. ते इलेक्ट्रिकसारख्या जड गाड्यांसाठी काढलेले आहेत, आणि त्याच मापाच्या एक्सएल टायरपेक्षा जास्त भार घेतात. तुमच्या वजनाला एक्सएल पुरतो. सव्वादोन टनांच्या गाडीसाठी मी एचएल शोधायला सांगितलं असतं. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा खाली मात्र कधीच नेऊ नका, टायर कितीही चिकट असला तरी. आणि दोन मोटरच्या गाडीत चारही टायर एकाच मॉडेलचे, एकाच वयाचे हवेत. पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरातला फरक बदलला की प्रणालीला एखादं चाक कायमच जरासं घसरतंय असं वाटतं, आणि ती त्याप्रमाणे वागते. मूळ टायरच्या आत बऱ्याचदा आवाज कमी करणारा फोम असतो. नव्यात तो नसला तर केबिनमध्ये घरघर थोडी वाढेल, एवढंच.

हवेच्या दाबाबद्दल लोक फार बेफिकीर असतात. थंड असताना ४२ पीएसआय भरला आणि आतली हवा २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेली, तर दाब साधारण साडेसात पीएसआयने वाढून ४९-५० वर जातो. मग टायर मधोमध फुगतो आणि कडेचं रबर कामाला येत नाही. ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्या मारून आल्या आल्या दाब मोजायचा, टायर बनवणाऱ्याने सांगितलेल्या गरम दाबापर्यंत हवा सोडायची, आणि घरी निघण्याआधी थंड टायरमध्ये दाराच्या पट्टीवरचा दाब परत भरायचा. हा शेवटचा भाग विसरू नका. रस्त्यावर कमी दाबाने जड गाडी पळवणं म्हणजे टायरची भार पेलण्याची क्षमता आपण होऊन कमी करणं.

दाब मोजतानाच तापमानही मोजा. त्यासाठी सुई रबरात टोचायचा तापमापक लागतो. लांबून मारायचा लेझरवाला नाही, तो फक्त वरचा पापुद्रा मोजतो. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड, प्रत्येक टायरची तीन मापं. आतली कड बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंश गरम असली तर ठीक. उलट बाहेरची कड पंधरा अंशांनी गरम आली, तर टायर वळणात खांद्यावर उभा राहतोय आणि पुढचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं) कमी पडतोय. तुमच्या पहिल्या तक्रारीवरून मला पुढच्या चाकांवर असंच चित्र दिसेल असं वाटतं.

त्यावरचा इलाज अलाइनमेंट, आणि पैशाच्या मानाने सर्वांत जास्त फरक तोच पाडतो. रोज वापर आणि कधीमधी ट्रॅक, अशा गाडीला पुढे उणे १.८ ते उणे २.२ अंश कॅम्बर मी पसंत करतो. फक्त ट्रॅकसाठी असेल तर उणे ३ च्या आसपास. बऱ्याच इलेक्ट्रिक सेडानमध्ये पुढचा कॅम्बर कारखान्याच्या भागांनी बदलता येत नाही, त्यासाठी लांबी बदलता येणारे वरचे आर्म (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे) लागतात. तुमच्या यादीत मी स्प्रिंगांच्या जागी हेच आर्म लिहीन. मागे उणे १.५ ते १.८ पुरे, आणि टो (वरून बघता चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं) दर चाकाला ०.१० ते ०.१५ अंश आत. पुढे टो शून्य.

टायर कॅम्बरने झिजतो असं सगळे म्हणतात. खरं तर टो त्याहून कितीतरी भराभर टायर खातो. तुमच्या टायरच्या व्यासावर १ मिमी टो म्हणजे साधारण ०.०८५ अंश, त्यामुळे दोन-तीन मिमी चुकले की पुरे. नुसत्या स्प्रिंगा टाकून, अलाइनमेंट न करता चालवलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. मागचा टायर उभ्याने बघितला तर नक्षी छान शिल्लक. चाक काढून आडवं केलं की आतल्या कडेला बोटभर रुंदीचा पट्टा, रबर पूर्ण गेलेलं आणि तारा चमकतायत. मालकाला पत्ताच नसतो, कारण ती बाजू गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. गाडी खाली बसली की मागच्या मल्टीलिंकची (अनेक दांड्यांच्या सस्पेन्शनची) भूमितीच बदलते: कॅम्बर वाढतो, टो सरकतो. त्यात इलेक्ट्रिक मोटरचा सुरुवातीपासूनचा पूर्ण टॉर्क त्याच कडेवर पडतो.

आता स्प्रिंगा आणि डँपर. इथे जरा थांबून बोलतो, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

चाक वर जायला जागा किती शिल्लक आहे, हा खरा प्रश्न. समजा तुमच्या गाडीत पुढे ७० मिमी आहे. ३५ मिमी खाली घेतली की निम्मी गेली. निम्म्या जागेत तेवढाच हिसका अडवायचा तर स्प्रिंग भरपूर कडक हवी. पण बाजारातल्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा सहसा पंधरा ते तीस टक्केच कडक असतात, कारण त्याहून कडक केल्या तर गिऱ्हाईक पाठदुखीची तक्रार घेऊन परत येतं. परिणाम काय? वळणात बाहेरचं पुढचं चाक दबतं आणि डँपरच्या दांड्यावरच्या रबरी बंप स्टॉपवर जाऊन बसतं. त्या क्षणी पुढची बाजू एकदम कित्येक पट कडक होते, सरकणारा भार पुढच्या चाकांवर जास्त जातो, आणि नाक बाहेर निघतं. म्हणजे जी तक्रार घालवायला स्प्रिंगा घेतल्या, तीच अंगावर येते. बघणाऱ्याला वाटतं टायर कमी पडला.

हे तुमच्या गाडीत आत्ताच होतंय का, ते तपासायला काहीच खर्च नाही. एक बारीक केबल टाय घ्या, डँपरच्या चकचकीत दांड्यावर घट्ट पण सरकेल इतपत बांधा, शेपूट कापून टाका आणि खाली डँपरच्या तोंडापर्यंत सरकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर एक चक्कर मारा, टाय कुठपर्यंत वर ढकलला गेलाय ते मोजा. मग ट्रॅकवर मारा, परत मोजा. टाय बंप स्टॉपला लागून वर चेपलेला सापडला तर गाडी मूळ उंचीवरच जागा संपवतेय, आणि ती आणखी खाली नेण्यात अर्थ नाही. कारखान्याचे बंप स्टॉप मऊ आणि लांब असतात, त्यामुळे हलका स्पर्श झाला तर घाबरायचं कारण नाही. अर्ध्याहून जास्त चेपला जात असेल तर बोलू.

स्प्रिंग कडक करायचीच असेल तर हिशेबाने करा. एका कोपऱ्यावर, म्हणजे एका चाकावर, चाक-ब्रेक वगळून ४२० किलो धरा. चाकापाशी मोजलेला स्प्रिंगदर ३७ न्यूटन प्रति मिमी असेल तर गाडीचं अंग सेकंदाला दीड वेळा वर-खाली होतं. रस्त्यावरच्या चपळ गाडीसाठी हे चांगलं. सेकंदाला दोन वेळा हवं असेल तर दर ६६ लागतो, जवळजवळ पावणेदोन पट, आणि तो ट्रॅकवरच सुखाचा. स्प्रिंगवर छापलेला आकडा आणि चाकापाशी मिळणारा आकडा एक नसतो हेही ध्यानात ठेवा. स्प्रिंग आर्मवर आत बसलेली असते. चाक १० मिमी हललं आणि स्प्रिंग ७ मिमीच दबली, तर १०० ची स्प्रिंग चाकापाशी ४९ ची होते. गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. दुसऱ्या मॉडेलवरचे आकडे बघून स्प्रिंगा मागवणारे इथे फसतात.

तरंगण्याची तक्रार मात्र स्प्रिंगची नाही, डँपरची आहे. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते, ती शमवणं डँपरचं काम. स्प्रिंग पावणेदोन पट कडक केली तर तेवढ्याच आवरासाठी डँपरची ताकद साधारण एक-तृतीयांशाने वाढायला हवी. जुनेच डँपर ठेवून स्प्रिंगा कडक केल्या की गाडी एकदम खाली बसत नाही, पण लाटेनंतर जास्त वेळ डुलते. म्हणून मी म्हणेन, उंची तशीच ठेवा किंवा फार तर १०-१५ मिमी खाली घ्या, आणि पैसे चांगल्या डँपरवर घाला. रिबाउंड (डँपर उघडतानाचा विरोध) आणि कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) वेगवेगळं जुळवता येत असेल तर उत्तम. तुमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक डँपर असतील तर आधी प्रत्येक मोडमध्ये चालवून बघा. कधी कधी तक्रार तिथेच मिटते. ते काढून साधे लावायचे असतील तर गाडीला भ्रमात ठेवणारं एक छोटं मॉड्यूल लागतं, नाहीतर डॅशबोर्डवर इशाऱ्यांची माळ लागते.

उंची सांभाळायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. इलेक्ट्रिक गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असते ती बॅटरीची पेटी. पेट्रोल गाडीत सायलेन्सर घासला तर आवाज होतो आणि थोडा खर्च येतो. बॅटरीच्या तळाला मार बसला तर तो खर्च वेगळ्याच जातीचा असतो.

दुसऱ्या तक्रारीकडे येतो. ताकद कापली जाणं दोन कारणांनी होतं आणि दोन्ही वेगळी आहेत. सरळ रस्त्यावरही, तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर ताकद कमी होत असेल तर ते तापमान आहे. बॅटरी किंवा मोटर गरम झाली आणि गाडी स्वतःला वाचवतेय. त्याला सस्पेन्शन काही करू शकत नाही. ताकद फक्त वळणातून निघतानाच कापली जात असेल, तर ती पकड.

टायरकडे पकडीची एकच पुंजी असते, त्यातच वळायचंही आणि पळायचंही. दहापैकी नऊ हिस्से वळण्यात खर्च झाले तर पळायला एक उरतो असं वाटतं. प्रत्यक्षात सुमारे साडेचार उरतात, कारण दोन्ही दिशा काटकोनात आहेत. स्टिअरिंग थोडं सरळ करून वळणाचा खर्च सातवर आणला तर पळायलाही सात मिळतात. तुमच्या गाडीची ताकद ३५० किलोवॅट धरली तर ताशी ७० किमीपर्यंत ती १ जीने ओढू शकते, म्हणजे त्या वेगापर्यंत मोटर नाही, टायरच हद्द ठरवतो. हळू वळणातून निघताना तुम्ही उजवा पाय जितका दाबता त्यातला मोठा भाग गाडीला वापरताच येणार नाही. आधी स्टिअरिंग सरळ करा, मग पाय दाबा. याने जितका वेळ वाचेल तितका कुठल्याही भागाने वाचणार नाही.

आता या गाड्यांची खोड. मोटर आणि चाक यांच्यात साधारण ९ ला १ अशी गती-घट असते. त्यामुळे मोटरच्या आत फिरणाऱ्या रोटरचं जडत्व चाकाला ९ च्या वर्गाने, म्हणजे ८१ पट जाणवतं. खडबडीत जागी चाकावरचा भार क्षणभर हलका झाला की चाक आणि रोटर दोघं उसळतात, आणि चाक परत जमिनीवर दाबलं गेलं की तो सगळा साठा एकदम टायरवर येतो. इन्व्हर्टर (मोटरला वीज पुरवणारं नियंत्रक यंत्र) रोटरची गती थेट बघत असतो, म्हणून तो हे फार लवकर पकडतो आणि ताकद आवरतो. तुम्हाला ते ‘कापणं’ म्हणून जाणवतं. म्हणजे तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीचं मूळ एकच असण्याची शक्यता मोठी आहे: डँपर चाकाला जमिनीवर नीट दाबून ठेवत नाहीत. चाक स्वतः टायरच्या रबरावर सेकंदाला बारा-तेरा वेळा नाचत असतं, आणि ते नाचणं थांबवणारी डँपरशिवाय गाडीत दुसरी कुठली वस्तू नाही. हलकं फोर्ज्ड रिम इथे उपयोगी पडतं, दिसण्यासाठी नाही.

मागच्या जाड अँटी-रोल बारचं गणित यातच येतं. मागचा बार कडक केला की सरकणाऱ्या भारातला जास्त हिस्सा मागे जातो, पुढचे टायर मोकळे होतात, नाक आत येतं. वळणात शिरताना हे छान वाटतं. पण मागचं आतलं चाक तेवढंच हलकं होतं. मागे साधा ओपन डिफरन्शिअल (दोन चाकांत ताकद वाटणारा, पण घसरणारं चाक न रोखणारा गिअर-संच) असेल तर ते हलकं चाक फिरू लागतं, गाडी त्याला ब्रेक लावते किंवा ताकद आवरते, आणि तुमची दुसरी तक्रार वाढते. काही गाड्यांना यावर कारखान्याचंच उत्तर आहे. ह्युंदाई आयोनिक ५ एन मध्ये मागे इलेक्ट्रॉनिक लिमिटेड-स्लिप (चाकाचं घसरणं आवरणारा) डिफरन्शिअल आहे, टेस्ला मॉडेल एस प्लेडमध्ये मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटर. अशा गाडीत मागचा बार मी बिनधास्त लावला असता. तुमच्यात काय आहे ते बघून ठरवा. ओपन असेल तर जुळवता येणारा बार घ्या, सर्वांत मऊ भोकापासून सुरू करा, आणि कॅम्बरचं काम झाल्याशिवाय त्याला हातच लावू नका.

ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद करण्यापेक्षा ट्रॅक मोडसारखा पर्याय असेल तर तो वापरा, आणि स्थिरतेची मदत एकेक पायरीने कमी करा. नेमकं कुठल्या वळणात, कुठल्या क्षणी ती जागी होते ते लिहून ठेवा. मला अलाइनमेंट करताना ती नोंद फार कामाला येते. ओल्या रस्त्यावर आणि रोजच्या वापरात सगळं चालू.

नाक सरकण्याचं एक कारण अजून सांगायचं राहिलं, आणि त्याला पाना लागत नाही. वळणात पाय एकदम उचलला की रीजन ब्रेकिंग (मोटरनेच गाडी मंदावून बॅटरीत वीज परत भरणं) सुरू होतं. ते ०.३ जीचं आहे आणि जवळजवळ सगळं एकाच ॲक्सलवर पडतंय असं धरा. त्या ॲक्सलला आपल्या वाट्याच्या दुप्पट, ०.६ जीइतकं काम करावं लागतं आणि वळायला दहापैकी आठच हिस्से उरतात. ते पुढे पडलं तर नाक सरकतं, मागे पडलं तर शेपूट. पाय हळू उचलून बघा, फरक लगेच कळेल. त्यातही गंमत अशी की बॅटरी पूर्ण भरलेली किंवा थंड असताना रीजन कमी मिळतं. त्यामुळे सकाळची पहिली फेरी आणि दुपारची फेरी या जणू दोन वेगळ्या गाड्या असतात. एखादा बदल करून तुलना करायची तर दोन्ही वेळी चार्ज साधारण सारखाच ठेवा, समजा ६० ते ८० टक्के. नाहीतर बारचं श्रेय बॅटरीला किंवा बॅटरीचा दोष बारला द्याल.

रेंजचा हिशेब सोपा आहे. काटकसरी टायरचा लोळण-रोध भाराच्या ०.७५ टक्के आणि चिकट टायरचा १.०५ टक्के धरला, तर चालकासकट १९०० किलोंवर फरक सुमारे ५६ न्यूटनचा येतो. दर किलोमीटरला १५ वॅट-तास जास्त. गाडी आत्ता १७० खात असेल तर नऊ टक्के गेले. हे फक्त टायरच्या रबराचं. रुंदीमुळे हवेचा अडथळा वाढतो तो वेगळा. म्हणून बरेच जण रिमचे दोन संच ठेवतात, एक रोजचा, एक ट्रॅकचा. तुम्हालाही मी तेच सुचवेन. ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेक फ्लुइड आणि पॅड बघा, हे वेगळं सांगायला नको. बॅटरी भरलेली असताना किंवा प्रणाली तापल्यावर रीजन मागे सरतं आणि सगळं वजन पॅडवर येतं.

काम करून घेताना दोन-तीन गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवा. रिम एक इंच रुंद केलं आणि ऑफसेट (हबला टेकणारी सपाटी रिमच्या मध्यापासून किती दूर ते अंतर) तोच ठेवला तर चाक आत-बाहेर दोन्हीकडे जवळजवळ १३ मिमी सरकतं. घासतं का हे उभ्या गाडीत कळत नाही. स्प्रिंग काढून, चाक जॅकने पूर्ण वर नेऊन, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघायला सांगा. आर्मच्या सांध्यांत बसणाऱ्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाकांवर भार असताना, नेहमीच्या उंचीवर आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. जॅक फक्त ठरलेल्या जागीच लावायचा, बॅटरीच्या पेटीखाली कधीच नाही. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर घ्यायचा, आणि उंची बदलली असेल तर हेडलाइट व कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करायचं. पॉलीयुरेथेनचे कडक बुश मी तुम्हाला सुचवणार नाही. इंजिनाचा आवाज नसलेल्या केबिनमध्ये प्रत्येक खडा ऐकू येतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा: टायर आणि दाब, मग पुढचे आर्म व अलाइनमेंट, मग डँपर, आणि एवढं झाल्यावर गरज उरलीच तर मागचा बार. स्प्रिंगा सर्वांत शेवटी. त्या आधीच घेऊन ठेवल्या असतील आणि परत जात नसतील तर निदान डँपर येईपर्यंत खोक्यातच राहू द्या. पुढच्या ट्रॅकच्या दिवशी केबल टायची मापं, चारही टायरची तीन-तीन तापमानं, गरम दाब आणि त्या वेळचा चार्ज एवढं लिहून आणा. मागचा डिफरन्शिअल कुठल्या प्रकारचा आहे तेही कळवा. त्यावरून कॅम्बरचा आणि डँपरचा नेमका आकडा सांगता येईल.